एक नळी, दोन सिलिंडर: बदलत्या सिलिंडरचं रिव्हॉल्व्हर कसं निवडावं, तपासावं आणि वापरावं

दोन सिलिंडरचं (सिलिंडर म्हणजे काडतुसं धरणारा फिरता भाग) रिव्हॉल्व्हर घेतलं की एका हत्याराच्या किमतीत दोन मिळाली असं वाटतं. ते अर्धंच खरं. नळी, चाप आणि घोडा एकच असले, तरी प्रत्येक सिलिंडर नळीशी किती नेमका जुळतो, पुढे-मागे किती फट ठेवतो आणि त्यातून सुटलेली गोळी लक्ष्यावर कुठे लागते, हे दोन्हींचं वेगळं असतं. त्यामुळे तपासणी आणि नोंद दोन स्वतंत्र हत्यारांसारखी ठेवायची. दोन्हींची काडतुसं मात्र एकाच वेळी एका टेबलावर येऊ द्यायची नाहीत.

जोड्या कोणत्या

सिलिंडर बदलला तरी नळी बदलत नाही, म्हणून दोन्ही काडतुसांच्या गोळीचा व्यास जवळजवळ सारखाच असावा लागतो. पुंगळीची (काडतुसाच्या पितळी आवरणाची) लांबी, जाडी आणि बुडाची कड वेगळी असली तर ते सिलिंडर सांभाळून घेतो.

सर्वांत जास्त दिसते ती .२२ लाँग रायफल आणि .२२ मॅग्नम ही जोडी. रुगरचं सिंगल-सिक्स १९५३ साली आलं तेव्हा ते फक्त .२२ लाँग रायफलचं होतं. मॅग्नम काडतूस १९५९ चं, आणि साठच्या दशकात दोन सिलिंडरांची जोडी मिळू लागली. हेरिटेजचं रफ रायडर याच जोडीत मिळतं. टॉरस ९९२ मध्ये हीच जोडी आहे, पण ते डबल-ॲक्शन आहे (चाप ओढला की घोडा आपोआप चढतो) आणि त्याच्या सिलिंडरमध्ये नऊ काडतुसं बसतात.

मोठ्या काडतुसांत .३५७ मॅग्नम आणि ९ मिमी, तसंच .४५ कोल्ट आणि .४५ एसीपी या दोन जोड्या प्रसिद्ध आहेत. रुगर ब्लॅकहॉकमध्ये दोन्ही मिळतात. .४५ च्या जोडीत अडचण जवळजवळ नाही, कारण आजच्या दोन्ही गोळ्या साधारण ११.४७ मिमीच्या असतात. ९ मिमीची गोळी मात्र ९.०२ मिमीची, आणि नळी .३५७ च्या ९.०७ मिमी गोळीसाठी कापलेली. जॅकेटवाल्या, म्हणजे वर तांब्यासारखं आवरण असलेल्या गोळीला हा ०.०५ मिमीचा फरक फारसा जाणवत नाही. नुसत्या शिशाच्या गोळीला जाणवतो: गरम वायू कडेने निसटतो, गोळीची बाजू वितळते आणि आट्यांत (नळीतल्या वळणदार खाचांत) शिसं चिकटतं. ९ मिमीच्या सिलिंडरमधून नेम लागत नाही अशी तक्रार असेल तर आधी गोळी कसली आहे ते पाहा.

.३८ स्पेशलसाठी वेगळा सिलिंडर लागत नाही. .३५७ च्याच चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) ती चालते, फक्त तिची पुंगळी ३.४ मिमीने आखूड असल्यामुळे चेंबरमध्ये पुढे काजळीचं कडं तयार होतं. .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशलचंही तसंच. या कारणासाठी कोणी दुसरा सिलिंडर विकत असेल तर पैसे वाचवा.

लांब काडतूस म्हणजे जास्त दाब?

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की आकडे देणं भाग आहे. अमेरिकेतल्या सामी या संस्थेच्या मानकानुसार .२२ लाँग रायफल आणि .२२ मॅग्नम या दोन्हींचा कमाल दाब २४,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे. मॅग्नमचा वेग वाढतो तो जास्त दारू जास्त वेळ ढकलते म्हणून. ९ मिमी आणि .३५७ मॅग्नम दोन्ही ३५,००० चे, आणि ९ मिमीचं जास्त दाबाचं ‘+पी’ काडतूस ३८,५०० पर्यंत जातं, म्हणजे ‘छोटं’ काडतूस इथे वरचढ. .४५ मध्ये तर उलटाच प्रकार: काळ्या दारूच्या काळातलं, १८७३ चं .४५ कोल्ट १४,००० चं आणि आखूड .४५ एसीपी २१,००० चं.

यातून व्यवहाराचा मुद्दा निघतो. जुन्या, काळ्या दारूच्या काळातल्या फ्रेममध्ये .४५ एसीपीचा सिलिंडर बसतो म्हणून तो चालवायचा नाही. दुसरीकडे, हातभरणीच्या, म्हणजे स्वतः काडतुसं भरण्याच्या पुस्तकांत ‘फक्त रुगरसाठी’ म्हणून दिलेल्या .४५ कोल्टच्या जड भरण्या फक्त मोठ्या, मजबूत फ्रेमच्या रुगरच्या .४५ कोल्ट सिलिंडरसाठी असतात. कोल्टच्या नमुन्यावर बनवलेल्या हलक्या प्रतिकृतींत त्या घालणं म्हणजे सिलिंडर फोडून घेणं.

घेताना काय तपासायचं

सुटा सिलिंडर ‘त्याच मॉडेलचा’ आहे म्हणून घेऊ नका. कारखान्यात प्रत्येक सिलिंडर त्या त्या फ्रेमला घासून-जुळवून बसवलेला असतो. रुगरच्या बऱ्याच जोड्यांत दुसऱ्या सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर रिव्हॉल्व्हरच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे कोरलेले असतात. जुनं हत्यार घेताना हे आकडे फ्रेमशी ताडून पाहा. जुळत नसतील तर जोडी नंतर कोणीतरी जमवलेली आहे, आणि पुढच्या तपासण्या जास्त बारकाईने कराव्या लागतील.

पहिली तपासणी कुलुपाची. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे दोनदा पाहा, सिलिंडरवर अंगठा हलकासा टेकवा आणि घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण चढायच्या आत, किंवा चढताक्षणी, खालची खिट्टी सिलिंडरच्या खाचेत ‘टक्’ करून बसायला हवी. घोडा पूर्ण मागे आला तरी सिलिंडर अजून हलतोय, तर तो उशिरा फिरतोय. अशा वेळी चेंबर नळीसमोर नीट न येताच गोळी सुटते, नळीच्या मागच्या तोंडाला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. सहाही चेंबर तपासा, आणि मग दुसऱ्या सिलिंडरचेही सहा. एका सिलिंडरचं उत्तम आणि दुसऱ्याचं ढिलं, असं बरेचदा आढळतं. फिरवणारा दांडा एकच असतो, पण त्याच्यासाठी मागे कापलेले दात प्रत्येक सिलिंडरचे स्वतःचे असतात.

दुसरी तपासणी फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी. सिलिंडरचं तोंड आणि नळीचं मागचं टोक यांतली फट ०.१० ते ०.२० मिमी असावी. ०.०५ च्या खाली गेली तर पन्नासेक काडतुसांनंतर काजळीने सिलिंडर अडकू लागतो. ०.२५ च्या वर गेली तर कडेने आग आणि कण जास्त उडतात आणि वेगही कमी होतो. हीच फट सिलिंडर बोटाने पुढे ढकलून एकदा आणि मागे ओढून एकदा मोजा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे हालचाल. ती ०.०५ मिमीच्या आसपास असली तर छान, ०.१३ च्या पुढे असली तर कारागिराकडे न्या. हे चारही आकडे, प्रत्येक सिलिंडरचे दोन, वहीत लिहून ठेवा. वर्षभराने पुन्हा मोजल्यावर झीज कुठे होतेय ते त्यावरूनच कळतं.

तिसरी तपासणी मागच्या बाजूची, म्हणजे काडतुसाची कड आणि फ्रेमची भिंत यांमधल्या अंतराची. .२२ लाँग रायफलची कड जास्तीत जास्त १.०९ मिमी जाड, मॅग्नमची १.२७. म्हणून दोन सिलिंडरांत कडेसाठी सोडलेली खोली वेगळी असते. हे मोजायला त्या त्या काडतुसाचं खास गेज लागतं. नसेल तर हे काम कारागिरावर सोडा, अंदाजाने करू नका.

कोल्टच्या जुन्या पद्धतीच्या सिंगल-ॲक्शनमध्ये (ज्यात घोडा दर वेळी हाताने चढवावा लागतो) सिलिंडरच्या मधोमध एक सुटी नळकांडी असते, बुशिंग. साफसफाईत ती निसटते आणि मग दुसऱ्या सिलिंडरची यात घातली जाते. तिच्याच लांबीवर पुढची-मागची फट ठरते, त्यामुळे एका सिलिंडरची बुशिंग दुसऱ्यात गेली की सगळी मापं बिघडतात.

सिलिंडर बदलणं

काम अर्ध्या मिनिटाचं आहे, पण क्रम चुकवू नका. आधी नळी सुरक्षित दिशेला धरा आणि रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामं करा. प्रत्येक चेंबरमधून उजेड दिसला पाहिजे. मग बदलायच्या सिलिंडरची काडतुसं डब्यात बंद करून टेबलावरून हटवा. नवी अजून बाहेर काढायची नाहीत.

१९७३ नंतरच्या रुगरमध्ये घोडा खाली ठेवून फक्त लोडिंग गेट (काडतुसं भरायची बाजूची झडप) उघडायचं: घोडा आणि चाप अडकतात, सिलिंडर मोकळा फिरतो. जुन्या पद्धतीत आणि रफ रायडरमध्ये घोडा हाफ कॉकवर, म्हणजे अर्धा चढवून, मग गेट उघडतात. नळीखालच्या बेस पिनचं (ज्यावर सिलिंडर फिरतो त्या दांड्याचं) आडवं बटण दाबा, पिन पुढे ओढा, आणि सिलिंडर गेटच्या बाजूने, म्हणजे उजवीकडून, बाहेर काढा. पिन अडत असेल तर पक्कड लावू नका. सिलिंडर बोटांनी थोडा हलवला की पिनवरचा भार जातो आणि ती सुटते.

नवा सिलिंडर त्याच बाजूने आत सरकवताना किंचित घड्याळाच्या दिशेने फिरवा. मागे डोकावणारा फिरवणारा दांडा त्यामुळे आत दबतो. नाहीतर सिलिंडर अर्ध्यात अडतो, लोक जोर लावतात आणि मागच्या दातांच्या कडा चेपतात. सिलिंडर मधोमध आला की पिन घाला आणि बटण आपोआप बाहेर येईपर्यंत ढकला. बटण दोन्ही बाजूंना समान दिसलं नाही तर पिन पूर्ण बसलेली नाही. गेट बंद करून, रिकाम्याच रिव्हॉल्व्हरमध्ये सहाही चेंबर एकदा सावकाश फिरवून कुलूप तपासा. नवी काडतुसं त्यानंतरच उघडायची.

टॉरस ९९२ मध्ये फ्रेमवरचं बटण दाबलं की सिलिंडर आणि तो बाजूला झुकवणारा हात असा पूर्ण संचच निघतो. हे सोयीचं, आणि जास्त विश्वासार्हही, कारण तो हात आणि सिलिंडर कधी वेगळे होत नाहीत.

चुकीचं काडतूस

बदलत्या सिलिंडरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये खरा धोका इथेच आहे. कुठलं काडतूस कुठे ‘बसतं’ आणि कुठे अडतं हे पाठ असू द्या.

.२२ मॅग्नमचं काडतूस .२२ लाँग रायफलच्या चेंबरमध्ये शिरत नाही, त्यामुळे त्या बाजूने चिंता नाही. उलट बाजू वाईट. .२२ लाँग रायफल मॅग्नमच्या चेंबरमध्ये सहज पडतं आणि बहुतेकदा उडतंही. त्याची पुंगळी ५.७४ मिमीची, मॅग्नमची ६.१५ मिमीची. मधल्या ०.४ मिमीत पातळ पितळ फुगतं, चिरतं, आणि वायू मागून नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. फुटलेली पुंगळी चेंबरला चिकटून बसते ते वेगळंच. हा फरक का, तर लाँग रायफलची गोळी पुंगळीइतक्याच व्यासाची असते आणि तिची मागची टाच बारीक करून पुंगळीत खोचलेली असते, तर मॅग्नमची गोळी पूर्ण पुंगळीच्या आत बसते. म्हणून त्याच नळीसाठी मॅग्नमची पुंगळी जाड ठेवावी लागली.

.१७ एचएमआर हे .२२ मॅग्नमच्याच पुंगळीचा गळा आवळून केलेलं काडतूस. तेही मॅग्नमच्या चेंबरमध्ये जातं, पण गोळी ४.३७ मिमीची. .२२ च्या नळीत तिला आटे पकडूच शकत नाहीत, आणि सरळ झालेली पुंगळी फुटायची शक्यता असते. या तीन प्रकारच्या पेट्या एका पिशवीत नकोत.

.३५७ च्या सिलिंडरमध्ये ९ मिमी पूर्ण बसत नाही, कारण त्याची पुंगळी मागे जास्त जाड आहे. हाताने दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका. .४५ कोल्टच्या चेंबरमध्ये .४५ एसीपी मात्र खोल घसरतं, कारण अडवायला कड नाही. बहुधा ते उडतच नाही, आणि काढायला नळीच्या बाजूने दांडी घालावी लागते. .४५ कोल्ट एसीपीच्या सिलिंडरमध्ये आतल्या पायरीला अडतं.

उपाय साधे आहेत. प्रत्येक सिलिंडरला रंग ठरवा आणि त्याच रंगाची चिकटपट्टी काडतुसांच्या डब्यावर लावा. सिलिंडरवर रंग लावू नका, तो उष्णतेने जळतो. त्याची पिशवी मात्र त्याच रंगाची करता येते. मॅग्नमचा सिलिंडर लावून ठेवलेलं रिव्हॉल्व्हर महिनाभराने बाहेर काढलं की आत कोणता सिलिंडर आहे हे आठवणीवर सोडू नका. सिलिंडरवर खोदलेलं नाव वाचा. वाचता येत नसेल तर लाँग रायफलचं रिकामं पुंगळं घालून पाहा: खडखडत असेल तर तो मॅग्नमचा.

नेम आणि नोंद

दोन सिलिंडरांच्या गोळ्या एकाच जागी लागत नाहीत, आणि ते बिघाडाचं लक्षण नाही. दारू पेटल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत नळी धक्क्याने वर उचलली जाते. संथ किंवा जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, म्हणून जवळच्या अंतरावर ती बऱ्याचदा वर लागते. साधारण १६५ मिमीच्या नळीतून २.६ ग्रॅमची लाँग रायफलची गोळी सेकंदाला ३०० मीटरच्या, तर तेवढ्याच वजनाची मॅग्नमची ४०० मीटरच्या आसपास जाते. म्हणजे फरक दिसणारच.

सरकती मागची माशी (नेम धरायची मागची खाच) असेल तर जे काडतूस जास्त वापरता त्यावर नेम बसवा. मग दुसऱ्या सिलिंडरने २५ मीटरवर, टेकू घेऊन, सहा-सहाचे तीन गट मारा आणि माशी किती टिचक्या कुठे फिरवावी लागते ते मोजून लिहा. गोळी वर लागत असेल तर मागची माशी खाली, डावीकडे लागत असेल तर ती उजवीकडे. परत येताना तेवढ्याच टिचक्या उलट. माशी स्थिर असेल तर फक्त फरक लक्षात ठेवणं एवढंच हातात उरतं.

एखादा सिलिंडर गट पसरवत असेल तर लगेच काडतुसं बदलू नका. चेंबरांना १ ते ६ असे मार्करने आकडे द्या आणि प्रत्येक चेंबरची गोळी कागदावर वेगळी नोंदवा. अनेकदा पाच एकत्र लागतात आणि एकाच चेंबरची दूर जाते. मग दोष काडतुसाचा नाही, त्या चेंबरच्या पुढच्या गळ्याचा किंवा त्याच्या खाचेचा आहे.

बोटं सिलिंडर-नळीच्या फटीशेजारी कधीच येऊ देऊ नका. मोठ्या काडतुसात तिथून निघणारा वायू कातडी फाडतो. मॅग्नमच्या आखूड नळीचा आवाज इतका कर्कश असतो की कानात बोळे आणि वरून कर्णरक्षक असे दोन्ही वापरावेत. ट्रान्सफर बार (चाप ओढल्याशिवाय घोड्याचा घाव सुईवर पडू न देणारी पट्टी) नसलेल्या जुन्या सिंगल-ॲक्शनमध्ये पाचच काडतुसं भरायची आणि घोडा रिकाम्या चेंबरवर टेकवायचा. रिव्हॉल्व्हर पडलं तर तेवढंच वाचवतं.

बिघाड आणि त्यांची कारणं

९ मिमी आणि .४५ एसीपी ही काडतुसं पिस्तुलासाठी बनलेली. कड नसल्यामुळे त्यांचा आधार पुंगळीच्या तोंडावर, चेंबरच्या आतल्या पायरीवर असतो. त्या पायरीवर काजळी साचली की काडतूस पूर्ण आत जात नाही आणि त्याचं बूड फ्रेमला घासून सिलिंडर अडतो. पुंगळी जास्त कापलेली असेल तर उलट: ती खोल जाते, सुई वरवर लागते, काडतूस उडत नाही.

पिस्तुलाच्या काडतुसात गोळी घट्ट आवळलेली नसते. रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या गोळ्या पुढे सरकतात आणि शेवटी एखादी बाहेर डोकावून सिलिंडर अडवते. नव्या काडतुसाची चाचणी अशी करा: कॅलिपरने एका काडतुसाची लांबी मोजा, ते सहावं भरा, पाच उडवा, सहावं काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर ते काडतूस या रिव्हॉल्व्हरसाठी नाही.

सिलिंडर बदलल्यावर पहिल्या काही गोळ्यांतच पिन पुढे सरकत असेल तर बटणाची स्प्रिंग थकलेली असते. जड भरणीत हे जास्त होतं. नवी, ताठ स्प्रिंग हा स्वस्त उपाय आहे.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. रिकामं करा, सिलिंडर काढा, नळीतून दांडी घालून पाहा. न उडालेलं काडतूस असेल तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, आणि घाईने पुढचं चेंबर फिरवू नका. सिलिंडर भरलेल्या अवस्थेत पूर्ण अडकला आणि पिनही निघत नसेल, तर ठोकाठोकी न करता ते कारागिराचं काम.

रिमफायर (.२२ सारखा, जिथे सुई काडतुसाच्या कडेवर आदळते) सिलिंडर रिकामाच ‘टक् टक्’ करत बसण्याची सवय महागात पडू शकते. सुई चेंबरच्या काठावर आदळली तर तिथे उंचवटा तयार होतो आणि पुढे काडतूस त्या जागी अडू लागतं. मॉडेलची पुस्तिका चालतं म्हणत असेल तर ठीक, नाहीतर नकली काडतूस घाला.

सफाई आणि साठवण

दोन्ही सिलिंडर वापरून झाल्यावर दोन्ही साफ करायचे, फक्त लावलेला नाही. योग्य मापाचा कांस्याचा ब्रश मागून घाला, चेंबरच्या पुढच्या गळ्यापर्यंत न्या. .३५७ मध्ये .३८ वापरली असेल तर काजळीचं कडं उतरेपर्यंत घासा, नाहीतर पुढचं .३५७ काडतूस पूर्ण आत जाणार नाही किंवा पुंगळी चिकटेल. सिलिंडरच्या तोंडावरची काळी वर्तुळं घासत बसू नका. ती निरुपद्रवी असतात, आणि ती घालवण्याच्या नादात फटीचं माप वाढतं. नळी पुढून साफ करावी लागत असल्याने दांडीला तोंडाजवळ टेकू द्या. तोंडाची कड झिजली की नेम जातो. बेस पिनला तेलाचा एक थेंब पुरे. जास्त झालं तर काजळी धरून ठेवतं.

सुटा सिलिंडर कोरड्या पिशवीत, तेलाचा हात फिरवून ठेवा. चामड्याच्या बंद पाकिटात तो गंजतो. ठेवायचा तोही हत्याराच्या कुलूपबंद पेटीतच.

परवान्यात काडतुसाचं माप लिहिलेलं असेल तर दुसरा सिलिंडर म्हणजे दुसरं माप आलं. काडतुसं घेताना ते कागदावर असायला हवं. अमेरिकेच्या संघीय कायद्यात बंदूक म्हणजे फ्रेम, सुटा सिलिंडर हा भाग. युरोपीय संघात मात्र सिलिंडर हाच बंदुकीचा ‘आवश्यक भाग’ धरला जातो आणि त्याला बंदुकीचेच नियम लागतात. टपालाने मागवण्याआधी आपल्याकडे यातलं कोणतं लागू आहे ते परवाना देणाऱ्या कार्यालयातून लेखी घ्या.